मागच्या सीटवरचे साहेब

‘माझा जीव, माझी मर्जी. सरकारचा काय संबंध?’

सीटबेल्टचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. ते कोण म्हणतं, हे मात्र नीट बघा. गाडी चालवणारा आता सहसा असं म्हणत नाही. चलानाच्या धाकाने असो, गाडीच्या सततच्या टुणटुणीला कंटाळून असो, तो पट्टा ओढून घेतो. हे वाक्य येतं मागच्या सीटवरून. हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, नजर मोबाइलमध्ये, आणि तरी खात्री अशी की जे काही व्हायचं ते पुढच्यांना होईल.

या आठवड्यात मला या मागच्या माणसाशीच बोलायचं आहे. आडपडदा न ठेवता बाजू सांगतो. चारचाकीतल्या प्रत्येकाला सीटबेल्ट कायद्याने बंधनकारकच हवा. पुढचा-मागचा भेद नको, गावातला-महामार्गावरचा भेद नको, आणि पद बघून सूट तर मुळीच नको. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गाडी आदळते तेव्हा आतली सगळी माणसं एकमेकांच्या वाटेत येतात, आणि तिथे कोणाचीही मर्जी फक्त त्याच्यापुरती राहत नाही.

तिसरा मजला, आठवा मजला

ताशी ५० किलोमीटर हा शहरातल्या मोकळ्या रस्त्यावरचा साधा वेग. या वेगाने गाडी भिंतीवर आदळली तर गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. तुमचं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं, कशावर तरी आपटेपर्यंत. शाळेतलं गणित मांडलं तर हा आघात साधारण दहा मीटरवरून पडण्याइतका भरतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. वेग ८० असेल तर पंचवीस मीटर, म्हणजे आठवा मजला. द्रुतगती मार्गावर १०० असेल तर जवळपास चाळीस मीटर. त्या उंचीवरच्या कठड्यावर कोणी पाय सोडून बसलं तर आपण त्याच्या मर्जीची चर्चा करत बसत नाही, दंड धरून आत ओढतो.

बेल्ट काय करतो? आदळताना गाडीचं नाक चेपतं. त्या चेपण्यात जो अर्धाएक मीटर आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असलेला वेळ मिळतो, तो बेल्ट तुमच्या शरीराला मिळवून देतो. गाडीबरोबर तुम्हीही थांबत जाता. धक्का खांदा, छातीचा पिंजरा आणि कंबरेची हाडं अशा दणकट भागांवर वाटला जातो. बेल्ट नसेल तर थांबायला उरतात काही सेंटिमीटर, आणि थांबवायला असते काच, डॅशबोर्ड किंवा पुढच्या माणसाची पाठ आणि डोकं.

टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला. मागे बसलेल्याने बेल्ट लावला नसेल, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्याने नियम पाळला, पैसे भरून चांगली गाडी घेतली, वेग आवरला, आणि जीव गेला तो मागून आलेल्या साठ-सत्तर किलोच्या देहाखाली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपली म्हण आहे. गाडीत मात्र बेफिकिरी मागच्याची असते आणि ठेच पुढच्याला लागते.

म्हणून ‘माझा जीव’ हे शब्द मागच्या सीटवर शोभत नाहीत. तिथे बसून तुम्ही पुढच्याचाही जीव डावावर लावता, आणि त्याला विचारत नाही.

चारोटीचा पूल

४ सप्टेंबर २०२२. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक गाडी आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री त्या गाडीत मागे बसले होते. गाडी महागडी, जर्मन बनावटीची, सुरक्षेच्या सोयींनी भरलेली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता.

त्याआधी आठ वर्षं, ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. पहाटेची वेळ, विमानतळाकडे निघालेली गाडी, आणि ते मागच्या सीटवर. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. मागचा बेल्ट म्हणजे शोभेची वस्तू या गैरसमजापायी आपण मित्र गमावला, असं त्यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं. बीडपासून मुंबईपर्यंत त्या दिवशी लोक ढसाढसा रडले. त्या रडणाऱ्यांपैकी किती जणांनी परतीच्या गाडीत मागचा बेल्ट लावला असेल?

ही मोठी नावं म्हणून लक्षात राहिली. बाकीची आकड्यात गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे रोज सरासरी जवळपास सेहेचाळीस माणसं, आणि त्यांतली निम्मी गाडी चालवत नव्हती. बेल्ट असता तर ही सगळीच वाचली असती, असा दावा मी करणार नाही. बेल्ट मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी करू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निम्मा धोका कमी करणारी, फुकटात मिळणारी, गाडीतच बसवलेली दुसरी कोणती वस्तू आहे?

गाडीत बोलायची सोय कोणाला असते?

आता मूळ मुद्दा. स्वातंत्र्याची भाषा करणारे असं धरून चालतात की गाडीतला प्रत्येक जण स्वतःचा निर्णय घ्यायला मोकळा आहे. आपल्या गाड्यांत डोकावून बघा. मागची डावी सीट ही आपल्याकडे मानाची जागा. तिथे साहेब बसतात, सासरे बसतात, गावचे पुढारी बसतात, लग्नाला आलेले मोठे पाहुणे बसतात. त्यांना ‘बेल्ट लावा’ म्हणायची टाप कोणाची?

महिन्याच्या पगारावर असलेला ड्रायव्हर साहेबांना कसा सांगेल? त्याला सकाळी सातला बंगल्यावर हजर राहायचं आहे. सून मामंजींना कशी सांगेल? बायकोने ‘अहो, तेवढा पट्टा लावा ना’ म्हटलं तर ‘मला शिकवू नकोस, इतकी वर्षं फिरतोय मी’ असं ऐकावं लागतं. टॅक्सीवाल्याने गिऱ्हाइकाला सांगितलं तर ॲपवर रेटिंग घसरतं. आणि आईच्या मांडीवर पुढच्या सीटवर बसलेलं दीड वर्षाचं पोर तर बोलतच नाही.

त्या पोराचं गणितही सांगतो. मूल दहा किलोचं, गाडी ताशी ५० वर. धडकेच्या क्षणी त्याला धरून ठेवायला आईच्या हातांना साधारण दोनशे किलोचा भार पेलावा लागेल. जगातली कुठलीही आई तेवढं पेलू शकत नाही, तिचं प्रेम कितीही असो. मूल हातातून सुटतं, किंवा आई आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये चिरडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची खास सीट हवीच, नाहीतर हजार रुपये दंड. हे कलम १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. किती पालकांना माहीत आहे?

कायदा हवा तो या सगळ्यांसाठी. पोलिसाच्या हाती पावतीपुस्तक यावं म्हणून नको. गाडीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाच्या तोंडी एक वाक्य यावं म्हणून हवा. ‘साहेब, पुढे कॅमेरा आहे.’ ‘मामंजी, दंड पडतो हो.’ एवढं म्हणता आलं की काम होतं. उपदेश केला असं होत नाही, उलट उत्तर दिलं असंही होत नाही. दोष कायद्याच्या माथी जातो आणि पट्टा छातीवर येतो. मोठ्यांचा मान राखून त्यांचा जीव वाचवायची ही एकच वाट धाकट्यांकडे आहे, आणि ती कायद्यानेच खुली होते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करण्यापुरता तो कायदा. त्यावर केवढं रण पेटलं! घरातल्या गोष्टीत सरकारने पडू नये, सुधारणा शिक्षणाने, मनपरिवर्तनाने व्हावी, असं टिळकांसह अनेकांचं म्हणणं. परक्या सरकारच्या हस्तक्षेपाची त्यांची चीड खरी होती. पण आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. जॉन स्टुअर्ट मिलचा ‘ऑन लिबर्टी’ कोळून प्यालेला, व्यक्तिस्वातंत्र्यासाठी आयुष्य झिजवलेला माणूस कायद्याच्या बाजूने का उभा राहतो? कारण घरात ज्याला तोंड नाही त्याचं स्वातंत्र्य त्याला आधी दिसतं. त्या प्रश्नाचं दुःख आणि सीटबेल्टचा प्रश्न एका मापाचे नाहीत, हे मला कळतं. तर्क मात्र एकच आहे. ‘आमच्या आतल्या गोष्टीत पडू नका’ असं म्हणणारा बहुतेक वेळा आतला सर्वांत बलवान माणूस असतो.

आक्षेप आणि उत्तरं

‘मग सिगारेटवर बंदी घाला, ट्रेकिंगवर घाला, वडापावावर घाला.’ नाही घालायची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणारा जोखीम घेतो, कारण त्या जोखमीतच त्याला काहीतरी मिळतं. त्याला जोखीम नको म्हणणं म्हणजे जाऊच नको म्हणणं. सीटबेल्ट तुमच्याकडून काय काढून घेतो? तुम्ही जिथे निघालात तिथेच जाता, त्याच वेगाने, त्याच गाडीत, त्याच गप्पा मारत. किंमत दोन सेकंदांची. धोका दुसऱ्याला. रस्ता सार्वजनिक. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे कायद्याला यायचा हक्क आहे. कड्यावर तो हक्क नाही, ताटात नाही. मर्यादा स्पष्ट आहे.

‘एअरबॅग आहे की.’ एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि ती बेल्टने जागेवर धरलेल्या शरीरासाठी बनवलेली असते. बेल्ट नसलेलं शरीर तोवर पुढे फेकलं गेलेलं असतं, आणि फुगणारी पिशवी त्यालाच तडाखा देते. शिवाय बहुतेक गाड्यांत मागच्या प्रवाशासमोर एअरबॅग नसतेच. असली तर कडेला, खिडकीवर.

‘गाडी पाण्यात पडली किंवा पेटली तर बेल्टमुळे अडकू.’ असे अपघात एकूण अपघातांत फार थोडे. आणि त्या थोड्यांतही पहिला प्रश्न असतो शुद्धीवर असण्याचा. डोकं आपटून बेशुद्ध झालेला माणूस दार उघडत नाही. बेल्ट लावलेला माणूस शुद्धीवर राहण्याची शक्यता जास्त, आणि बेल्ट सोडायला एक बटण पुरतं.

‘बाई गरोदर आहे.’ मग तर लावाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कंबरेच्या हाडांवरून घ्यायचा, वरचा छातीच्या मधून. पोटावरून नाही. हे तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला दवाखान्यात सांगितलं गेलं पाहिजे.

‘गावातल्या गावात तर जायचं आहे.’ तिसऱ्या मजल्याचं गणित ५०च्या वेगाचं आहे, आणि तो वेग गावातलाच आहे.

‘बेल्ट लावला की माणूस निर्धास्त होऊन जोरात चालवतो.’ हा आक्षेप अभ्यासूंचा आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असं मांडलं की सुरक्षेची साधनं वाढली की चालक जास्त धोका पत्करतात आणि फायदा पुसला जातो. ब्रिटनमध्येही बेल्टच्या कायद्याविरुद्ध हा युक्तिवाद झाला. म्हणून तिथे कायदा आला तो आधी तीन वर्षांच्या मुदतीवर, ३१ जानेवारी १९८३ पासून. अनेक वर्षं जाहिराती आणि आवाहनं करूनही चाळीसएक टक्के लोकच पुढचा बेल्ट लावत होते. कायदा आल्याबरोबर ते प्रमाण नव्वदच्या पुढे गेलं. तीन वर्षांचा अनुभव बघून १९८६ मध्ये संसदेने कायदा कायम केला. आणि हा आक्षेप खरा मानला तरी मागच्या प्रवाशाला तो लागूच होत नाही. त्याच्या पायाखाली ॲक्सिलरेटर नसतो.

‘आधी रस्ते नीट करा.’ करायलाच हवेत. चारोटीच्या त्या पुलाच्या कठड्याची भिंत रस्त्याच्या कडेच्या पट्टीत पुढे आलेली होती, असं अपघातानंतरच्या तपासणीत पुढे आलं. त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे, आणि मी तो विचारतो. पण रस्ता चुकीचा आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला बेल्टची गरज जास्त असते, कमी नाही. सरकारची चूक हा तुमच्या चुकीचा परवाना होत नाही.

‘उपचार मी माझ्या पैशाने करेन.’ कोणी करत नाही. १०८ ची रुग्णवाहिका सरकारी. पहिला उपचार बहुतेकदा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात. २०२५ पासून केंद्राची योजना आहे, तिच्यात अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. ही योजना चांगली आहे, ती हवीच. पण पैसा सगळ्यांचा आहे. आणि कमरेखाली लुळा पडलेल्या माणसाची पुढची तीस वर्षं त्याची बायको काढते. तिच्या मर्जीचं काय?

जगाने हे आधी शिकून घेतलं

आजचा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोलिन या इंजिनिअरने बनवला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीट बनवत असे. शरीराला कुठे धरायचं आणि किती, हे त्याला तिथून ठाऊक होतं. व्होल्वोने या शोधाचं पेटंट घेतलं आणि ते इतर कंपन्यांना वापरायला मोकळं सोडलं. नफा कमावता आला असता, कमावला नाही. जीव वाचवणारी वस्तू सगळ्यांची असते, असं एका कंपनीला तेव्हा वाटलं.

वस्तू गाडीत आली, पण छातीवर आली नाही. ते काम कायद्यानेच केलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० च्या डिसेंबरमध्ये बेल्ट लावणं बंधनकारक केलं. जगातला तो पहिला असा कायदा. मग देशामागून देश त्या वाटेने गेले.

अमेरिकेने वेगळा प्रयोग केला. १९७४ च्या नव्या गाड्या पुढचे बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके संतापले की काँग्रेसने त्याच वर्षी ती सक्ती काढून टाकली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, न्यूयॉर्कने पहिला राज्य कायदा केला. आजही न्यू हॅम्पशायर हे एक राज्य प्रौढांना बेल्टची सक्ती करत नाही. स्वातंत्र्याचे भक्त त्या राज्याचं नाव घेतात. त्याच राज्यात अठरा वर्षांखालच्यांना बेल्ट बंधनकारक आहे, हे ते सांगत नाहीत. बेल्ट जीव वाचवतो हे तिथल्या कायदेमंडळालाही मान्य आहे.

नुसत्या यंत्राच्या सक्तीला माणूस जुमानत नाही, हा त्या १९७४ चा धडा. आपणही तो गिरवला. १ जुलै २०१९ पासून आपल्या नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण करून देणारा आवाज सक्तीचा झाला. लगेच बाजारात तो आवाज बंद करणाऱ्या धातूच्या क्लिपा आल्या. बेल्टच्या खाचेत क्लिप खुपसायची, गाडी गप्प. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना आदेश दिले, आणि या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. तेरा हजार! जीव वाचवण्याची आठवण गप्प करायला लोक पैसे मोजत होते, आणि विकणारे विकत होते. ही आहे आपली ‘वैयक्तिक निवड’.

दंड कोणाच्या खिशातून?

कायदा आपल्याकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८(३) पुढच्यांबरोबरच, पुढे तोंड करून मागच्या सीटवर बसलेल्यांनाही बेल्ट सांगतो. मिस्त्रींच्या अपघातानंतर केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरींनी मागच्या बेल्टबद्दल कडक होण्याची घोषणा केली. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. काही आठवडे बातम्या झाल्या. आज कुठल्याही सिग्नलला शेजारच्या गाडीच्या मागच्या खिडकीतून बघा. पट्टा दिसतो का?

टॅक्सीत बसा आणि मागच्या बेल्टची खाच शोधा. ती सीटकव्हरखाली गेलेली असते. बोटं खुपसून काढावी लागते, आणि काढली तरी जोडी जुळत नाही. आरटीओच्या पासिंगला हॉर्न बघतात, दिवे बघतात. मागच्या प्रत्येक सीटचा बेल्ट खटकन लागतो का, हेही बघा. नाही लागला तर पासिंग नाही. एवढ्या एका अटीने महिन्याभरात हजारो पट्टे कव्हरखालून वर येतील.

वडापच्या जीपचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे मी प्रवाशाला दोष देणार नाही. आडव्या बाकांवर दहा-बारा माणसं कोंबलेली, बेल्टचा पत्ता नाही. ती माणसं हौसेने बसलेली नाहीत. एसटी वेळेवर येत नाही, म्हणून बसली आहेत. त्यांच्याकडून दंड घेऊ नका. त्यांच्या गावाला बस द्या. ज्याला निवडच नाही त्याला दंड करणं अन्याय आहे. ज्याच्या शेजारी चांगला पट्टा लटकतो आहे आणि तरी जो लावत नाही, त्याला दंड करा.

इथेच आपल्या कायद्याची खरी खोट आहे. कलम १९४-ब म्हणतं की बेल्ट न लावलेल्या प्रवाशाला नेणाऱ्या चालकाला हजार रुपये दंड. म्हणजे बेल्ट लावला नाही साहेबांनी, आणि गुन्हेगार ठरला ड्रायव्हर. ज्याला बोलायची सोय नाही त्याच्याच डोक्यावर आपण जबाबदारी ठेवली. ब्रिटनमध्ये चौदा वर्षांवरचा प्रवासी स्वतःच्या बेल्टला स्वतः जबाबदार असतो. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये लँकेशायर पोलिस ऋषी सुनक यांना दंड करू शकले. सुनक तेव्हा देशाचे पंतप्रधान होते. धावत्या गाडीत मागच्या सीटवर बेल्ट न लावता त्यांनी एक व्हिडिओ बनवला होता. त्यांनी माफी मागितली आणि दंडही भरला. चालकाला कोणी धरलं नाही. आपल्याकडे ताफ्यातून फिरणाऱ्या एखाद्या मंत्र्याला मागच्या बेल्टसाठी दंड झाल्याचं कोणी ऐकलं आहे का?

तर मागणी एका ओळीची आहे. कलम १९४-ब मध्ये दुरुस्ती करा: चौदा वर्षांवरचा प्रवासी स्वतःच्या बेल्टला स्वतः जबाबदार, आणि दंड त्याच्याच नावावर. मुलांची जबाबदारी चालकाकडे आणि पालकांकडे राहू द्या. टोलनाक्यावर गाडी हळू होते, तिथे मागच्या खिडकीतून तपासा, आणि पहिल्या महिन्यात फक्त सरकारी गाड्या तपासा. लाल-निळ्या दिव्यांच्या, पायलट गाडी पुढे असलेल्या, ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलेल्या. तिथून पावत्या फाटल्या की बाकीच्या गाड्यांना व्याख्यान द्यावं लागणार नाही.

ही दुरुस्ती संसदेत जो खासदार मांडेल त्याला माझा पाठिंबा, पक्ष कोणताही असो. अट एकच. विधेयक घेऊन येताना त्याने मागच्या सीटवर बेल्ट लावून यावं, आणि ड्रायव्हरने सांगायची वाट बघू नये.